कोन ऱ्हायलं का?

नवऱ्याचं नाव मी आजही घेत नाही. आमच्या वेळची रीत तशी होती, आणि आता या वयात ती मोडून मला कुणाकडून शाबासकी मिळवायची नाही. पण पोटच्या मुलाचं नाव न घेणारी आई मी आयुष्यात एकच पाहिली. ती माझी सासू. बीडात आमच्या गल्लीत लहानथोर सगळे त्यांना माई म्हणत. त्यांना एकुलता एक मुलगा, आणि त्याला जेवायला बोलवायचं असलं की माई परसदारी उभ्या राहून हाक मारत, "पोरांनो, या रे समदे." आता समदे म्हणजे कोण? घरात पोर म्हणून एकच, आणि त्यालाही चांगल्या मिशा फुटलेल्या. त्या हाकेसरशी आधी शेजारची दोन-तीन कार्टी धावत येत, त्यांच्यामागून मुजावरांची शेळी येई, आणि सगळ्यांच्या मागून हे हात धूत येत.

पानं वाढून झाली की माई हात कमरेवर ठेवून दारातून बाहेर बघत आणि विचारत, "कोन ऱ्हायलं का?" कुणी राहिलेलं नसे. तरी एक भाकरी जास्तीची टोपल्यात झाकून ठेवल्याशिवाय त्या स्वतः बसत नसत. संध्याकाळी देवापाशी दिवा लावला की त्यांचं मागणं सुरू होई. या आळीचं भलं कर, नदीपल्याडच्यांचं कर, कुंभाराचं कर, त्याच्या गाढवांचंही कर. मी नवी नवरी, कोपऱ्यात हात जोडून उभी. वाटायचं, आता यांचं नाव येईल, मग येईल. गाढवं येऊन जात, पण यांचं नाव काही येत नसे. मी मनात म्हणे, आपल्याला सासू मिळाली ती जरा वेडसरच मिळाली.

मी नगरची. वडील तिथे शाळामास्तर. बीड म्हणजे आमच्या लेखी मोगलाई, निजामाचा मुलूख. लग्न होऊन आले तेव्हा करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपायानं माझी ट्रंक उघडून नव्या लुगड्यांच्या घड्या विस्कटल्या होत्या, तो राग मला अजून आहे. स्थळ सांगून आलं तेव्हा मध्यस्थ म्हणाला होता, "देशमुखांची हवेली आहे बीडात, काळ्या दगडाची, दुमजली." त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. गाडी बिंदुसरा नदी ओलांडून गावात शिरली आणि ती हवेली मला दिसली. नक्षीचे सज्जे, हत्ती जाईल एवढा दरवाजा, वर नगारखाना. मी पदर सावरून बसले. पण गाडी दरवाजाशी थांबलीच नाही. भिंतीला वळसा घालून मागच्या बोळात गेली आणि एका ठेंगण्या दारापुढे उभी राहिली. पूर्वी तिथे हवेलीची गुरं आणि कडबा असे. आता तिथे देशमुख राहत होते. पुढच्या दरवाजावर हिरवं निशाण होतं.

हवेली सवारीला दिलेली होती. सवारी म्हणजे मोहरममध्ये बसतो तो पंजा, उंच काठीला बांधलेला, चांदीचा. आमच्याकडे हिंदू-मुसलमान सगळेच त्याला नवस बोलत. देशमुखांच्या ज्या दिवाणखान्यात पूर्वी गावोगावचे पाटील येऊन मुजरे करत, तिथे चौथऱ्यावर सवारी बसायची आणि लोबानचा धूर वरच्या सज्जापर्यंत चढायचा. अंगणात अलाव्याचा, म्हणजे मोहरमच्या जाळाचा, खड्डा खणलेला. वर्षाचे बाकी महिने वाटसरू फकीर तिथल्या खांबांना टेकून झोपत. लोक त्या जागेला आशुरखाना म्हणत, आणि आमच्याकडे बोट दाखवून नव्या माणसाला सांगत, "ही ती हवेली देणारी माणसं." सवारीची देखभाल करणारे मुजावर होते दादामियाँ, उंच, कानाशी पांढरे झालेले. त्यांना भेटायला कुणी आलं की ते आधी माईंची तारीफ करत आणि माई तिथून उठून जात. कुणी तोंडावर वाखाणलं तर म्हणत, "चांगलं म्हनू नका वो मला. पोटात दुखतंय."

हवेली का दिली ते मला गावानंच सांगितलं. दळायला बसलेली बाई असो की पाणी आणणारी, ही गोष्ट सांगितल्याशिवाय कुणी राहत नसे. प्लेगाचं साल. गाव ओस पडलेलं, माणसं नदीपल्याड शेतात झोपड्या घालून राहिलेली. देशमुखांच्या झोपडीत दोन जावा आणि दोन मुलगे. थोरल्या जाऊ अक्का, त्या आधीच विधवा झालेल्या, त्यांचा माधव. धाकट्या माई, त्यांचा मुलगा म्हणजे हे. दोघं सारख्या वयाचे, एका ताटात जेवणारे, आणि दोघांनाही एकाच दिवशी गाठ आली. ते दिवस मोहरमचे होते. सवारी तेव्हा गल्लीच्या टोकाला एका छपरात बसायची. अक्का दोन्ही पोरांची डोकी मांडीवर घेऊन झोपडीत बसल्या आणि माई नवस बोलायला ओस पडलेल्या गावात एकट्या गेल्या. पोरं जगू देत, हवेलीची ओसरी सवारीला देईन. हे जगले, माधव गेला. गाव म्हणे, दोघांतला एक तरी पदरात टाकला, आणि बाई अशी की ओसरी बोलली होती पण उभी हवेली देऊन मोकळी झाली.

यात अक्कांचंही नाव निघे. त्या थोरल्या. त्यांना विचारल्याशिवाय माझ्या सासऱ्यांनी भिंतीत खिळासुद्धा ठोकला नसता. पोटचा मुलगा गेलेला असताना अक्का म्हणाल्या होत्या, "द्या हवेली. एक तरी वाचवला की त्यांनी." मी सासरी गेले तेव्हा सासरे नव्हते. घरात या दोन बायका होत्या, एकमेकींचे केस विंचरणाऱ्या. अक्का ठेंगण्या, बोलक्या, माईंना "सरू" म्हणणाऱ्या. माई त्यांना "तुमी" म्हणत, आणि त्यांच्या पुढ्यात नेहमी एक पाऊल मागे उभ्या राहत. मला वाटे, थोरलीचा मान.

नांदूरघाटकडचे भाऊबंद एकदा भांडायला आले होते. देशमुखांनी गोठ्यात राहावं आणि मुजावरानं देवडीत, हे त्यांना सोसेना. "कावून दिली म्हनतो मी? कोनाला इच्यारून दिली?" असं एक म्हातारा काठी आपटून विचारत होता. माईंनी त्याला ताक दिलं, त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मामंजी, मी कशाची देते? घेतली म्हना." म्हाताऱ्याला काही उमजलं नाही, मलाही नाही. अक्का मात्र मान हलवून म्हणाल्या, "खरं हाय. सवारीनं घेतली."

यांना या सगळ्याचं काय वाटे ते एकदाच कळलं. माजलगावच्या कचेरीत नोकरी लागली म्हणून हे निघाले होते. माईंनी दही हातावर घातलं आणि म्हणाल्या, "जे जे परगावी गेले त्या समद्यांना सुखी ठेव." हे हसले, वाकून नमस्कार केला. मग माझ्याकडून पिशवी घेताना हळूच म्हणाले, "माईनं माझ्यापायी हवेली दिली म्हणतात. मला तर तिनं कधी नावानं हाक न्हाई मारली. अक्का मारते. माई कावून मारत नसंल?" पिशवीचं तोंड बांधत बांधत त्यांनी हे विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता गेले. त्या दिवसापासून मला माईंचा राग यायला लागला. वेडसर म्हणून सोडून देणं मला जमेना.

मोहरममध्ये हवेली फुलून जाई. नवव्या दिवशी बायका पोरांना घेऊन रांगेनं येत. दादामियाँ मनगटाला बांधायच्या हिरव्या नाड्यांची लड घेऊन चौथऱ्यापाशी बसत आणि प्रत्येकीला विचारत, "किसके नाम से?" बाई मुलाचं नाव सांगे. मग ते विचारत, "और कोई?" ती दुसऱ्या मुलाचं नाव सांगे. जेवढी नावं तेवढे नाडे. बाई "बस" म्हणेपर्यंत ते "और कोई?" म्हणणं सोडत नसत. अक्का शेजारी ताट धरून उभ्या असत, येणाऱ्या प्रत्येक पोराच्या गालावरून हात फिरवत. आणि जिनं हवेली दिली त्या माई मात्र त्या दिवशी मागच्या घरात चोंगे लाटत बसत. गव्हाच्या पिठाचे गोड चोंगे, टोपलीमागून टोपली. पुढे जाण्याचं नाव नाही. पुढच्या अंगणातला आवाज भिंतीवरून ऐकू येई. दादामियाँचा "और कोई?" आला की माईंचं लाटणं थांबे, आणि मग पुन्हा चालू होई. मी हे बघितलं होतं. त्याचा अर्थ मात्र मला लागला नव्हता.

माझा मुलगा तीन वर्षांचा असताना त्याला मुदतीचा ताप आला. हकीम रोज येत. हे माजलगावला. ताप चढत गेला, पोर ओळख विसरलं, आणि नेमकी सवारी बसली. एका दुपारी आम्ही तिघी स्वयंपाकघरात होतो. पोर शेजारच्या खोलीत ग्लानीत होतं. माई चोंग्यांचं पीठ मळत होत्या, अक्का सुपात गहू निवडत होत्या. अक्का म्हणाल्या, "सरू, तू जा. नाडा घेऊन ये पोराला."

"मी न्हाई जानार," माई म्हणाल्या. "तुमी जावा."

"माझ्या शब्दाला काय वजन हाय? दोघांचं मागितलं तवा तुझं दिलं आन माझं नेलं. माझंच पुन्य कमी पडलं. तुझं मागनं ऐकत्यात ते."

"मी न्हाई मागनार अक्का."

माझा तोल सुटला. सासूला उलटून बोलणं हे तेव्हा केवढं पाप. पण मी म्हणाले, "मुलासाठी हवेली दिलीत, आणि नातवासाठी अंगण ओलांडवत नाही तुम्हाला? असं कसं काळीज तुमचं?"

माईंचे हात पिठात होते. त्यांनी ते बाहेर काढले नाहीत. माझ्याकडे पाहिलं नाही, अक्कांकडेही नाही. पिठाकडे बघून म्हणाल्या, "अक्का, माधवाचं मागितलंच न्हवतं मी."

सुपातल्या गव्हाचा आवाज चालूच राहिला. माई बोलत गेल्या. "दोघांचंबी मागाया गेलते. तुमी म्हनला व्हता, दोघांची नावं घे. वाटंनं दोन्ही नावं तोंडात घोळवीत गेले. दादामियाँ म्हनले, किसके नाम से? मी माझ्या पोराचं घेतलं. ते म्हनले, और कोई? आन मला भ्या वाटलं. वाटलं, दोन मागितले तर दोन्ही जात्याल. एकच मागावा, तेवढा तरी मिळंल. मी म्हनलं, न्हाई. और कोई न्हाई."

अक्कांनी सुपातला एक खडा वेचून बाजूला ठेवला.

"माघारी आले तर दोघंबी जित्ते व्हते. तुमी माझ्या पोराला पानी पाजीत व्हता. तुमी इच्यारलं, माधवाचा नाडा? मी म्हनलं, घरात एकच देत्यात, दोघांत मिळून. तुमी म्हनला, बरं." माईंनी पिठात मूठ दाबली. "ओसरी बोलले व्हते मी. हवेली दिली. तुमचीबी घेतली. तुमी वर म्हनला, एक तरी वाचवला की. तवापासून हितं बसून ऐकतीय, माझं पुन्य कमी, माझं पुन्य कमी. पुन्याचं काय न्हाई अक्का. मी त्याचं नावच घेतलं न्हाई."

अक्कांनी सूप निवडून संपवलं. खडे मुठीत घेऊन बाहेर टाकले. मग पोराच्या खोलीत गेल्या, त्याच्या कपाळावरची पट्टी भिजवून पुन्हा ठेवली आणि तिथेच भिंतीला टेकून बसल्या. संध्याकाळी त्यांनी परसातले तीन दगड उचलून कोपऱ्यात मांडले आणि आपली भाकरी वेगळी थापली. मी पाया पडले, म्हणाले, "अक्का, असं करू नका." त्या म्हणाल्या, "तू मधी पडू नको. तुझ्या लेकराचा काय गुन्हा न्हाई, त्याला मी बघते." खरोखरच त्या पोरापासून हलल्या नाहीत. माईंशी मात्र एक शब्द नाही. वडवणीहून त्यांचा भाऊ गाडी घेऊन न्यायला आला, त्यालाही त्यांनी परत पाठवलं. माई मला म्हणाल्या, "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं गं."

नवव्या दिवशी पुढे गर्दी झाली. अक्का स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "सरू, चल."

माईंनी हात धुतले आणि निघाल्या. मधलं दार उघडून त्या पुढच्या अंगणात आल्या तेव्हा बायका बाजूला झाल्या. "माई आल्या, माई आल्या," असं कुजबुजत पोरांना त्यांच्या पायावर घालू लागल्या. मी मागे होते. आधी अक्कांनी माझ्या मुलाचं नाव सांगून नाडा घेतला आणि माझ्या हातात दिला. मग माईंना दंडाला धरून पुढे केलं.

दादामियाँ माईंना बघून उठून उभे राहिले. "किसके नाम से, माई?"

माईंनी वळून अक्कांकडे पाहिलं. अक्का म्हणाल्या, "घे."

"माधव," माई म्हणाल्या.

दादामियाँच्या हातातली लड थांबली. प्लेगाच्या साली यांच्यासाठीचा नाडा त्यांनीच दिला होता. एकच नाव ऐकणारा त्या दिवशी तोच एक माणूस होता, आणि इतकी वर्षं त्यानं ते कुणाला सांगितलं नव्हतं. काय मागायचं आहे, हे त्यांनी आताही विचारलं नाही. मेलेल्या पोरासाठी काय मागणार? नाडा तोडून त्यांनी हातावर घेतला आणि हलक्या आवाजात विचारलं, "और कोई?"

"न्हाई," माई म्हणाल्या. "और कोई न्हाई."

नाडा बांधायला मनगट नव्हतं. दादामियाँ तसेच उभे. अक्कांनी माईंचा हात ओढून पुढे धरला. "हिला बांधा," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या हिच्या हाताला." आणि ताट घेऊन नेहमीच्या जागी जाऊन उभ्या राहिल्या.

माझ्या मुलाचा ताप पुढे उतरला. हकिमांच्या काढ्यानं की नाड्यानं, ते मी ठरवत बसले नाही. नगरचे माझे वडील असते तर त्यांनी ठरवलं असतं. अक्कांची चूल मात्र वेगळी ती वेगळीच राहिली. दोघी एका अंगणात, एका ओट्यावर बसत. माईंचे केस अक्का विंचरत, पण माईंच्या हातचा घास त्यांनी पुन्हा घेतला नाही. माई टोपल्यात जास्तीची भाकरी झाकून ठेवत राहिल्या, आणि ती सकाळी शेळीला जाई. मी मधल्या मध्ये गुदमरत असे. माझा नवरा, माझी मुलं, माझं सगळं घरच त्या एका नावावर उभं होतं. अक्का माझ्या मुलाला मांडीवर घेऊन पाणी पाजत तेव्हा मला तिथे उभं राहवत नसे. यांना मी यातलं काही सांगितलं नाही. माईंनीही सांगितलं नाही. हाक तीच राहिली, "पोरांनो, या रे समदे."

माई गेल्या त्या थंडीतली ही गोष्ट. शेवटचे दिवस होते. दुपारी त्यांची बाज आम्ही अंगणात उन्हाला काढली होती. मनगटावरचा नाडा विरून दोऱ्यासारखा झाला होता, पण त्या कुणाला हात लावू देत नसत. हे नोकरीतून सुटून आलेले, विहिरीवर पाणी शेंदत होते. केसांत पांढरं यायला लागलं होतं त्यांच्या. अक्का आपल्या चुलीवरून कण्यांची पेज घेऊन आल्या आणि बाजेच्या कडेला बसून माईंना भरवू लागल्या. माईंनी तोंड फिरवलं.

"समद्यांनी खाल्लं का? कोन ऱ्हायलं का?"

अक्कांनी वाटी खाली ठेवली. "एक ऱ्हायलाय," त्या म्हणाल्या. "हाक मार त्याला."

माईंनी मान उचलली. "पोरांनो—"

"पोरांनो न्हाई. त्याला एकट्याला मार. नाव घेऊन मार."

माईंनी त्यांचा पदर धरला. मग लहान मुलीसारखं विचारलं, "घेऊ?"

"घे की. मी म्हनते न्हवं?"

"रामू," माई म्हणाल्या. आवाज बाजेच्या पायापाशीच पडला. रहाट करकरत होता. अक्का म्हणाल्या, "अजून."

"रामू, ये रे."

रहाट थांबला. पोहरा धाडकन विहिरीत पडल्याचा आवाज आला आणि हे धावत आले, ओल्या हातांनी, अनवाणी, धोतराचा सोगा चिखलात. बाजेपाशी येऊन नुसते उभे राहिले. धाप लागलेली. म्हणाले, "आलो माई. काय गं? काय पायजे?"

"काय न्हाई," माई म्हणाल्या. "नुस्तं नाव घेतलं."

अक्कांनी वाटी उचलून पुन्हा पुढे धरली, आणि माईंनी पेज मुकाट्यानं घेतली. मी पदर तोंडाला लावून आत गेले. पोहरा दुसऱ्या दिवशी गळ टाकून काढावा लागला.